ब्राँक्सची कार्डी बी आणि आपला सोवळेपणा

कलावंताचे मोजमाप करण्याच्या आपल्या चळवळीत दोन ठरावीक तऱ्हा आहेत. कलावंत आपल्या व्यासपीठावर येऊन गात असेल तर तो ‘लोककलावंत’ ठरतो. बाजारात यशस्वी झाला असेल तर तो ‘ऱ्हासकालीन भांडवली संस्कृतीचे लक्षण’ होतो. दोन्ही शिक्के तयारच असतात, ते उमटवण्याचेच काम उरते. या सोयीस्कर व्यवस्थेत न बसणाऱ्या एका स्त्रीविषयी हा लेख आहे. कार्डी बी या नावाने जगाला ठाऊक असलेल्या या अमेरिकन रॅप गायिकेचा ‘इन्व्हेजन ऑफ प्रायव्हसी’ हा पहिला अल्बम ६ एप्रिल २०१८ रोजी प्रसिद्ध झाला आणि पहिल्याच आठवड्यात अमेरिकेच्या विक्री-तक्त्यात अग्रस्थानी जाऊन बसला. २०१९ च्या फेब्रुवारीत त्याला सर्वोत्कृष्ट रॅप अल्बमचा ग्रॅमी पुरस्कार मिळाला. १९९६ पासून दिला जाणारा हा पुरस्कार एकट्या स्त्रीला मिळण्याची ती पहिलीच वेळ होती.

समाजवादी साप्ताहिकाने याची दखल कशासाठी घ्यावी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. त्याचे एक उत्तर सरळ आहे. आपल्या कार्यकर्त्यांच्या घरातली मुलेमुली हे संगीत ऐकतात, वडीलधारे नाक मुरडतात आणि संवाद तिथेच संपतो. दुसरे उत्तर अधिक महत्त्वाचे आहे. या यशाचे दोन अर्थ प्रचलित आहेत. एका अर्थाने ती निर्लज्ज चंगळवादाची जाहिरात आहे. दुसऱ्या अर्थाने ती ‘कष्ट केले की कोणीही वर येऊ शकतो’ या अमेरिकन पुराणातली नवी कथा आहे. पहिला अर्थ आपल्याकडच्या सोवळ्या मंडळींना आवडतो, दुसरा बाजारपेठेच्या भाटांना. माझ्या मते दोन्ही चूक आहेत, आणि दोन्हींची चूक एकाच ठिकाणी आहे: ही स्त्री ज्या वर्गातून आली त्या वर्गाकडे दोघांनीही पाठ फिरवलेली आहे.

जळालेल्या वस्तीतले गाणे

कार्डी बीचे मूळ नाव बेल्कॅलिस अल्मांझार. जन्म १९९२ चा, न्यूयॉर्कमधला. वडील डॉमिनिकन रिपब्लिकचे, आई त्रिनिदादची. म्हणजे कॅरिबियन बेटांवरून पोटासाठी आलेल्या स्थलांतरितांचे घर. तिचे बालपण ब्राँक्स या विभागातील हायब्रिज वस्तीत गेले. तिथून जवळच, सेज्विक अॅव्हेन्यूवरील १५२० क्रमांकाच्या इमारतीत, ११ ऑगस्ट १९७३ रोजी एक छोटा समारंभ झाला होता. जमैकातून आलेल्या क्लाइव्ह कॅम्बेल या तरुणाने, म्हणजेच ‘डीजे कूल हर्क’ने, तिथे तबकड्या वाजवल्या. समारंभ भरवला होता त्याच्या बहिणीने, शाळेसाठी नवे कपडे घेता यावेत म्हणून. प्रवेशमूल्य मुलींना २५ सेंट आणि मुलांना ५० सेंट होते. दोन यंत्रांवर एकाच गाण्याच्या दोन तबकड्या लावायच्या, त्यातला निव्वळ तालाचा तुकडा आलटून पालटून वाजवत लांबवत न्यायचा आणि त्यावर लोकांनी नाचायचे, ही त्याची युक्ती. त्या तालावर बोलणारे, यमके जुळवणारे पुढे आले. हिप-हॉपचा जन्म जग याच प्रसंगापासून मोजते.

हा जन्म कोणत्या परिस्थितीत झाला, हे आपल्यासारख्यांनी विशेष लक्षात घेतले पाहिजे. रॉबर्ट मोझेस या बलाढ्य नगररचनाकाराने ब्राँक्सची छाती चिरून द्रुतगती मार्ग नेला. १९४८ साली सुरू झालेले ते काम १९७२ पर्यंत चालले आणि हजारो कुटुंबांची घरे त्याखाली गेली. ज्यांना शक्य होते ते उपनगरांत निघून गेले, उरले ते गरीब, कृष्णवर्णीय आणि पोर्तोरिकन. घरमालकांना भाड्यापेक्षा विम्याची रक्कम किफायतशीर वाटू लागली आणि इमारतींना आगी लागू लागल्या. नेमक्या त्याच काळात शहराने काटकसरीच्या नावाखाली अग्निशमन दलाच्या तुकड्या बंद केल्या, आणि त्यासाठी संगणकी गणिताचा आधार दाखवला. त्या दशकात दक्षिण ब्राँक्सच्या कित्येक भागांतील अर्ध्याहून अधिक इमारती आगीत गेल्या किंवा ओस पडल्या.

१९७५ साली न्यूयॉर्क शहर दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आले. सावकारांनी घातलेल्या अटींत शहराच्या सार्वजनिक विद्यापीठाचा बळी गेला. १८४७ साली स्थापन झालेल्या ‘फ्री अॅकॅडमी’पासून न्यूयॉर्कच्या श्रमिकांच्या मुलांना तेथे विनाशुल्क उच्च शिक्षण मिळत असे. १९६९ मध्ये कृष्णवर्णीय आणि पोर्तोरिकन विद्यार्थ्यांनी लढा दिला, तेव्हा १९७० पासून प्रवेशाची दारे सर्वांना उघडली गेली. ती उघडली जेमतेम सहा वर्षे, आणि १९७६ मध्ये शुल्क लागू झाले. गोऱ्या श्रमिकांची मुले शिकत होती तोवर सव्वाशेहून अधिक वर्षे परवडणारी गोष्ट, काळी-सावळी मुले वर्गात येऊन बसताच परवडेनाशी झाली! या योगायोगाला अर्थशास्त्र म्हणायचे की आणखी काही, हे वाचकांनीच ठरवावे.

गल्ल्यावरची मुलगी

कार्डी बीच्या आयुष्याकडे आता या पार्श्वभूमीवर पाहावे. ती मॅनहॅटनमधील एका दुकानात गल्ल्यावर बसत होती. याच सार्वजनिक विद्यापीठाच्या एका महाविद्यालयात तिने नाव घातले होते. आईने घराबाहेर काढल्यानंतर ती ज्या पुरुषाबरोबर राहत होती तो तिला मारहाण करी. वेगळे राहायचे तर भाड्याला पैसे हवेत. तेवढे पैसे दुकानातल्या पगारातून उभे राहणे अशक्य होते. दुकानातली नोकरीही सुटली. तेव्हा वयाच्या एकोणिसाव्या वर्षी तिने कपडे उतरवून नाचण्याच्या क्लबात काम धरले. आईला मात्र आपण लहान मुले सांभाळतो असे सांगत राहिली. हे सारे तिने स्वतःच मुलाखतींतून वेळोवेळी सांगितले आहे. त्या कामाने आपल्याला मारहाणीच्या घरातून सोडवले आणि पुन्हा शिकायला जाता आले, असेही तिने सांगितले आहे. शिक्षण अखेर अर्धवटच राहिले.

या हकिगतीत नीतीचा प्रश्न कुठे आहे? हिंसेतून बाहेर पडू पाहणाऱ्या तरुण मुलीला जगातल्या सर्वांत श्रीमंत शहरात स्वस्त घर नव्हते. मोफत शिक्षण तिच्या जन्माआधी सोळा वर्षे बंद झालेले होते. अमेरिकेचे संघराज्यीय किमान वेतन २००९ साली ताशी ७.२५ डॉलर झाले, ते नंतर वाढलेच नाही; न्यूयॉर्कमध्ये ती काम करत होती त्या काळात तेथील दरही त्याच पातळीवर रेंगाळत होता. तिच्यासमोर जी निवड होती ती मारहाण की नाच, एवढीच. तिला दोष देणाऱ्यांनी तिसरा पर्याय आधी दाखवावा.

पुढचा भाग सर्वश्रुत आहे. इन्स्टाग्रामवरच्या तिच्या बेधडक बोलण्याने लोक हसले, ऐकू लागले. २०१५ पासून दूरचित्रवाणीवरील एका मालिकेत ती झळकली. २०१६ आणि २०१७ मध्ये तिने गाण्यांचे दोन संग्रह स्वतःच्या उमेदीवर काढले. २०१७ च्या आरंभी अॅटलांटिक रेकॉर्ड्स या मोठ्या कंपनीने तिला करारबद्ध केले. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात तिचे ‘बोडॅक यलो’ हे गाणे अमेरिकेच्या तक्त्यात पहिले आले. दुसऱ्या कोणाही कलावंताच्या साथीविना स्त्री-रॅपरचे गाणे तिथे पोहोचण्याला तेव्हा एकोणीस वर्षे झाली होती. १९९८ मध्ये लॉरिन हिलने ते केले होते. आणि मग आला हा पहिला अल्बम, तेरा गाण्यांचा. त्यात उर्मटपणा आहे, पैशाची घमेंड आहे, आणि त्या दोहोंच्या खाली, फसवणूक झालेल्या, भीती वाटणाऱ्या बाईचे कबुलीजबाबही आहेत. एका गाण्यात १९६७ च्या, पीट रॉड्रिगेझ यांच्या लॅटिन चालीचा तुकडा घेतलेला आहे. न्यूयॉर्कच्या पोर्तोरिकन वस्त्यांनी काळ्या शेजाऱ्यांच्या संगीतात आपले संगीत मिसळून ती तऱ्हा घडवली होती. पन्नास वर्षांनी त्याच वस्त्यांची लेक पोर्तोरिको आणि कोलंबियाच्या गायकांना सोबत घेऊन ते गाणे पुन्हा पहिल्या क्रमांकावर नेते, तेव्हा स्थलांतरितांविरुद्ध भिंत बांधण्याची घोषणा देणारा मनुष्य त्या देशाचा अध्यक्ष होता, हेही ध्यानात ठेवावे.

पंधराशे वेळा ऐकले की एक

आता बाजाराच्या भाटांकडे वळू. पहिल्या आठवड्यात या अल्बमची ‘विक्री’ २ लाख ५५ हजार झाली असे सांगितले जाते. हा आकडा कसा तयार होतो? प्रत्यक्षात पूर्ण अल्बम विकत घेणारे होते सुमारे १ लाख ३ हजार. उरलेला आकडा मुख्यतः इंटरनेटवरून गाणी ऐकणाऱ्यांचा. तेव्हाच्या नियमाप्रमाणे अल्बममधली गाणी पंधराशे वेळा ऐकली गेली की एक अल्बम विकला असे धरायचे. त्या एका आठवड्यात ही गाणी वीस कोटींहून अधिक वेळा ऐकली गेली. हे ऐकणारे कोण? बसमधून कामावर जाणारी परिचारिका, गोदामात खोकी उचलणारा हमाल, रात्रपाळीचा पहारेकरी. त्यांच्या फावल्या क्षणांचे पंधराशे-पंधराशेचे गठ्ठे बांधले जातात, आणि त्यावर उद्योग उभा राहतो.

या उद्योगाचा मालक कोण हेही पाहण्यासारखे आहे. अॅटलांटिक ही कंपनी वॉर्नर म्युझिकच्या छत्राखाली आहे. युनिव्हर्सल, सोनी आणि वॉर्नर या तीन कंपन्यांच्या हाती जगातील ध्वनिमुद्रित संगीताचा फार मोठा वाटा आहे. वॉर्नर म्युझिक २०११ मध्ये लेन ब्लावात्निक यांच्या उद्योगसमूहाने सुमारे ३.३ अब्ज डॉलरना विकत घेतली. ब्लावात्निक यांच्या संपत्तीचा मोठा भाग सोव्हिएत संघ कोसळल्यानंतर रशियातील तेल आणि अॅल्युमिनियम उद्योगांच्या खासगीकरणाच्या काळात उभा राहिलेला. कामगारांच्या राज्याच्या नावाने जे उद्योग उभे राहिले त्यांतून निघालेला पैसा ब्राँक्सच्या गल्लीतल्या गाण्यात गुंतवला जातो आणि तिथून नफा घेऊन परत फिरतो. भांडवलाला देश नसतो असे आपण अभ्यासवर्गात शिकवतो, त्याचे याहून सुबोध उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

कार्डी बी श्रीमंत झाली, खूपच झाली, यात वाद नाही. परंतु एक मुलगी गल्ल्यावरून उठून ग्रॅमीपर्यंत गेली, यावरून गल्ल्यावर बसलेल्या लाखो मुलींसाठी रस्ता आहे असे सिद्ध होत नाही. सोडतीत एकाला बक्षीस लागते म्हणून सोडत हा उदरनिर्वाहाचा मार्ग ठरत नाही. उलट सोडतीचे दुकान चालायचे तर एक विजेता वाजतगाजत मिरवावाच लागतो. त्या मिरवणुकीत विजेत्याचा अपराध नसतो; पण मिरवणुकीला कष्टकऱ्यांची मुक्ती समजणाऱ्यांचा भाबडेपणा मात्र अपराधाइतकाच घातक असतो.

अश्लील कोण?

आता आपल्या सोवळ्या मित्रांचे आक्षेप. भाषा शिवराळ आहे, देहाचे वर्णन उघड आहे, महागड्या बुटांचा आणि दागिन्यांचा गर्व आहे. हे सारे खरे आहे आणि ते नाकारण्याचे कारण नाही. आणखी एक गोष्ट त्याहून गंभीर आहे. क्लबात काम करत असताना आपल्याकडे येणाऱ्या पुरुषांना गुंगी आणून आपण लुटले होते, असे तिचे जुने बोलणे २०१९ मध्ये पुन्हा पुढे आले. आपल्याला त्याचा अभिमान नाही, हाताशी फार थोडे पर्याय होते, असा खुलासा तिने केला. खुलाशाने कृत्य निर्दोष होत नाही, आणि दारिद्र्याचा दाखला दिला की सर्व माफ, असे म्हणणे गरिबांचाच अपमान करणारे आहे. बहुसंख्य गरीब कोणाला लुटत नाहीत. समाजवादी कार्यकर्त्याने हे स्पष्ट म्हटले पाहिजे.

परंतु भाषेविषयी आपण बोलू नये हे बरे. १९७२ साली नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ प्रसिद्ध झाला तेव्हा मराठी अभिरुचीने कसा चेहरा केला होता, हे आपल्या पिढीला आठवत असेल. कामाठीपुऱ्याचे शब्द कवितेत आले म्हणून पांढरपेशा वाचक बिचकला. त्या शब्दांमागची कामाठीपुऱ्यातली जिणी इतकी वर्षे शेजारी असूनही तो बिचकला नव्हता. त्याच वर्षी दलित पँथर स्थापन झाली आणि तिने नाव घेतले ते अमेरिकेतील काळ्या लढवय्यांचे. म्हणजे त्या समाजाच्या आवाजाशी आपले नाते आजचे नव्हे. कार्डी बीची तुलना ढसाळांशी करण्याचा माझा हेतू नाही. एकाची कविता व्यवस्थेवर घण घालते, दुसरीचे गाणे पुष्कळदा व्यवस्थेतच मानाचे पान मागते. सांगायचे एवढेच की, ज्यांना कोणी बोलू दिले नाही ते प्रथम बोलतात तेव्हा आपल्या व्याकरणाची परवानगी घेऊन बोलत नाहीत.

चंगळवादाच्या आक्षेपाबाबतही एक प्रश्न विचारावासा वाटतो. उद्योगपतीच्या घरच्या लग्नाची वर्णने वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर येतात, ती ‘वैभव’ म्हणून. गल्ल्यावरची मुलगी लाल तळव्यांचे बूट घेतल्याचे गाण्यात सांगते तो मात्र ‘बीभत्सपणा’. संपत्तीचे प्रदर्शन आपल्याला खटकते, की ते कोण करते आहे हे खटकते?

२००५ चा आपला हिशेब

हा प्रश्न अमेरिकेपुरता ठेवून आपल्याला सुटता येणार नाही, कारण नाचून पोट भरणाऱ्या स्त्रीला न्याय देण्याचा प्रसंग आपल्यावरही आला होता. २००५ साली महाराष्ट्र शासनाने कायद्यात दुरुस्ती करून डान्सबारमधील नृत्यावर बंदी घातली; १५ ऑगस्टपासून, म्हणजे स्वातंत्र्यदिनापासून, ती अमलात आली. विधिमंडळात विरोधाचा सूर जवळजवळ उमटला नाही. बाहेर आपल्या पुरोगामी वर्तुळातले किती तरी जण बंदीच्या बाजूने उभे राहिले. तरुण पिढी बिघडते, संसार उद्ध्वस्त होतात, ही कारणे दिली गेली आणि ती सर्वस्वी खोटी होती असे मी म्हणत नाही.

परंतु त्या कायद्यात एक कलम होते, ते आपण वाचले का? तीन तारांकित आणि त्यावरच्या हॉटेलांना बंदीतून सूट होती. म्हणजे नाच तोच, बाई तीच, फक्त पाहणाऱ्याच्या खिशात जास्त पैसे असले की संस्कृती सुरक्षित! समाजवाद्यांच्या नजरेतून निसटू नये असे हे कलम, आणि आपल्यापैकी अनेकांच्या नजरेतून ते निसटले. काही स्त्री-संघटनांनी मात्र त्या वेळी बारमध्ये नाचणाऱ्या स्त्रियांची पाहणी केली, त्यांच्या संघटनेला साथ दिली आणि न्यायालयात बाजू मांडली. या स्त्रियांपैकी अनेकींच्या मिळकतीवर आख्खी कुटुंबे चालतात, हे त्या पाहणीतून पुढे आले. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये बंदी रद्द ठरवली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तो निकाल कायम केला. गरिबांच्या बारमधला नाच अनैतिक आणि श्रीमंतांच्या हॉटेलातला नैतिक, हा भेद न्यायालयाला पटला नाही. आपल्याला तो आठ वर्षे आधी का खटकू नये?

याचे उत्तर आपल्या जुन्या सवयीत आहे. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाने लोकनाट्याचा बाज उचलला, वसंत बापट, लीलाधर हेगडे यांच्यासारख्यांनी तो गावोगाव नेला. हा आपल्या चळवळीचा अभिमानाचा वारसा आहे. पण तमाशाचा बाज घेताना तमाशात नाचणाऱ्या स्त्रीचे काय, हा प्रश्न आपण पुरेशा गांभीर्याने विचारला नाही. कला आपल्याला हवी होती, शुद्ध करून. कलावंतीण नको होती. डॉ. लोहियांनी भारतीय स्त्रीचा आदर्श म्हणून सावित्रीपेक्षा द्रौपदीला पुढे केले, भर सभेत प्रश्न विचारणाऱ्या स्त्रीला. आपण भाषणांत द्रौपदीचे नाव घेत आलो आणि व्यवहारात सावित्री शोधत राहिलो.

कर, निवृत्तिवेतन आणि सतरा मृत्यू

कार्डी बी प्रश्न विचारते, हे तिचे वेगळेपण. अल्बम येण्याच्या सुमारास तिने एका ध्वनिचित्रफितीत सरकारला विचारले की, माझ्या कमाईतला एवढा कर घेता, त्याचे करता काय? ऐकणाऱ्याला वाटावे की ही नवश्रीमंताची नेहमीची रड आहे. पण तिच्या तक्रारीचा रोख शहरातल्या घाणेरड्या रस्त्यांकडे आणि भुयारी रेल्वेच्या दुरवस्थेकडे होता. पैसा घेता, तर सार्वजनिक सेवा का दिसत नाही, हा तो प्रश्न. त्याच सुमारास एका मुलाखतीत तिने फ्रँकलिन रूझवेल्ट हे आपले आवडते अध्यक्ष असल्याचे सांगितले, सामाजिक सुरक्षेच्या कायद्यासाठी. सिनेटर बर्नी सँडर्स यांनी जाहीरपणे तिचे बरोबर असल्याचे म्हटले. वृद्धांना निवृत्तिवेतन मिळालेच पाहिजे ही गोष्ट तिने लक्षावधी तरुणांपर्यंत एका वाक्यात पोहोचवली. आपल्या पत्रकांना ते जमते का, हे आपण तपासावे.

२०१८ च्या डिसेंबरपासून २०१९ च्या जानेवारीपर्यंत ट्रम्प यांच्या आडमुठेपणामुळे अमेरिकेचे केंद्र सरकार ३५ दिवस ठप्प झाले. सुमारे आठ लाख कर्मचाऱ्यांचे वेतन अडले आणि त्यांतल्या कित्येकांना बिनपगारी कामावर बोलावले गेले. कार्डी बीने त्या कर्मचाऱ्यांच्या बाजूने आपल्या खास शिवराळ भाषेत एक ध्वनिचित्रफीत प्रसृत केली. तेव्हा डेमोक्रॅटिक पक्षाचे काही सिनेटर ती पुढे पाठवावी की नाही, याची जाहीर चर्चा करत बसले. मुद्दा त्यांचाच, बाजू त्यांचीच, पण शब्द सोवळ्यात नव्हते! हा प्रसंग वाचून मला हसू आले, आणि पाठोपाठ आपल्याच बैठकी आठवल्या. सँडर्स यांनी असा संकोच केला नाही. त्याच वर्षी डेट्रॉइटमधील नखे रंगवण्याच्या एका दुकानात ते तिच्यासमोर बसले आणि वेतन, शिक्षणाचे कर्ज, पोलिसांचे अत्याचार यांविषयी तिच्या प्रश्नांना उत्तरे देत राहिले. सत्तरी ओलांडलेला तो समाजवादी तिला शिकवायला गेला नव्हता. तिच्या श्रोत्यांशी बोलायला गेला होता.

पण याही बाजूने अतिरेक नको. ती पक्षाची कार्यकर्ती नाही. २०२४ मध्ये आपण बायडेन वा ट्रम्प कोणालाच मत देणार नाही असे ती आधी म्हणाली आणि निवडणुकीच्या तोंडावर कमला हॅरिस यांच्या सभेत बोलली. तिच्या राजकारणाची मर्यादा सर्वांत स्पष्ट दिसली ती २०२२ च्या जानेवारीत. ब्राँक्समधील एका उंच इमारतीत सदोष हीटरमुळे आग लागली. आपोआप बंद व्हायला हवीत ती दारे उघडीच राहिली, धूर जिन्यांतून वर चढला आणि आठ मुलांसह सतरा माणसे गुदमरून गेली. मृतांत अनेक जण पश्चिम आफ्रिकेतील गांबियामधून आलेल्या कुटुंबांतले होते. कार्डी बीने सर्व सतरा जणांच्या अंत्यविधीचा खर्च उचलण्याची तयारी दाखवली.

हे औदार्य खरे आहे आणि त्याची थट्टा करणारा माणूस मला आवडणार नाही. पण हिशेब मांडून पाहा. सत्तरच्या दशकात ब्राँक्स जळत होते आणि शहर बंबांच्या तुकड्या कमी करत होते. २०२२ मध्येही ब्राँक्सचे गरीब धुराने मरतात, कारण घरात पुरेशी ऊब नाही म्हणून हीटर लावावा लागतो आणि दारे मिटत नाहीत. मधल्या काळात त्या वस्तीतल्या एका संगीताने जग जिंकले, अब्जावधी डॉलरचा उद्योग उभा केला. वस्तीच्या वाट्याला त्यातून काय आले? आपल्या लेकीकडून अंत्यविधीचा खर्च! दरवाजे नीट बसवण्याचा खर्च तिने करायचा नव्हता. तो घरमालकाचा आणि शासनाचा होता. कलावंताची दानत जिथे सुरू होते, तिथे नागरिकाचा हक्क आधीच हरलेला असतो.

हिप-हॉपच्या जन्मस्थळाची कथाही हेच सांगते. सेज्विक अॅव्हेन्यूवरची ती इमारत परवडणाऱ्या घरांच्या सरकारी योजनेतली होती. २००७ च्या सुमारास मालकाने ती योजनेबाहेर काढून बाजारभावाने विकण्याचा घाट घातला. भाडेकरूंनी संघटित होऊन वर्षानुवर्षे झुंज दिली, कूल हर्क त्यांच्या बाजूने उभा राहिला आणि अखेर शहराच्या मदतीने इमारत परवडणाऱ्या घरांसाठी राखली गेली. या लढ्याला कोणी ग्रॅमी दिला नाही. पण संगीताच्या इतिहासातला आपल्या दृष्टीने सर्वांत मोलाचा विजय हाच आहे, कारण तो एकीचा नव्हता, सगळ्यांचा होता.

आपण काय करावे

कार्डी बीचा दुसरा अल्बम यायला सात वर्षे लागली. २०२५ च्या सप्टेंबरात तो आला आणि तोही पहिल्या क्रमांकावर गेला. ती आता आपल्या शिफारशीची वा निषेधाची वाट पाहत नाही. प्रश्न तिचा नसून आपला आहे. आपल्या शहरांतही रॅप गाणारी मुले आहेत, अंधेरी-धारावीच्या गल्ल्यांतून ती पुढे आली, त्यांच्यावर चित्रपट निघाले, कंपन्यांनी त्यांना करारबद्ध केले. ती मुले आपल्याकडे का आली नाहीत, हा प्रश्न आपण विचारत नाही. ती बिघडली कशी, हा विचारतो. ऑर्केस्ट्रात, लावणीच्या फडात, बारमध्ये नाचणाऱ्या स्त्रिया या असंघटित श्रमिकच आहेत. त्यांना ठरलेले वेतन, निवृत्तिवेतन, आजारपणाची रजा आणि मारहाणीविरुद्ध संरक्षण हवे आहे. त्यांच्या उद्धाराचे ठराव आपण पुष्कळ केले. त्यांच्या संघटनेचे सभासदत्व-पुस्तक घेऊन आपल्यापैकी किती जण फडाच्या तंबूत गेले?

म्हणून साथींना माझे सांगणे थोडके आहे. अशा गायिकेच्या यशाने हुरळून जाऊ नका आणि तिच्या शब्दांनी विटाळूनही जाऊ नका. ती आपल्या वर्गाची साक्षीदार आहे. साक्षीदार नेहमीच सज्जन नसतो, क्वचितच शुद्ध भाषेत बोलतो, पण त्याने जे पाहिले ते इतरांनी पाहिलेले नसते. त्याचे ऐकून घ्यावे, उलटतपासणीही करावी, आणि मग खटला मात्र खऱ्या आरोपीवर चालवावा.

न्यूयॉर्कमधल्या एखाद्या दुकानात आजही गल्ल्यावर एकोणीस वर्षांची एखादी मुलगी उभी आहे, आपल्याकडच्या मॉलमध्येही आहे. तिला गाता येत नाही, नाचता येत नाही, इन्स्टाग्रामवर तिला कोणी ओळखत नाही. घरी मारहाण आहे आणि वेगळी खोली घेण्याइतका पगार नाही. कार्डी बीचे यश तिच्या काहीही कामाचे नाही. तिला घर, शिक्षण आणि पुरेसे वेतन मिळवून देणे हे गायिकेचे काम कधीच नव्हते. ते आपण अंगावर घेतलेले काम आहे.